वनस्पती उद्यानाची शालेय भेट: बेळगाव की कोल्हापूर, आणि कोणत्या महिन्यात?

खानापूरकर (प्रश्न):
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या बत्तीस मुलांना एखादे लहानसे वनस्पती उद्यान दाखवावे असा विचार आहे. उटी आमच्या खर्चात बसत नाही, त्यामुळे बेळगाव किंवा कोल्हापूर एवढेच पर्याय उरतात. गेल्या वर्षी ज्या बागेत गेलो होतो (नाव घेत नाही), तेथील निम्म्या पाट्या गंजल्या होत्या आणि 'सीताअशोक' ही पाटी चक्क बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळसोट झाडावर ठोकलेली होती; मुलांनी ती वहीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला ती खोडायला लावावी लागली. कोणत्या महिन्यात जावे, अर्धा दिवस पुरेल का, आणि पाट्या कन्नड व लॅटिनमध्ये असल्यास काय करावे? मुलांना कन्नड वाचता येते, पण झाडांची नावे त्यांना घरची, मराठीच ठाऊक आहेत.

निपाणीकर:
सर, माझे मत कोल्हापूरला. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, दुर्मीळ जाती जोपासल्या आहेत आणि प्रा. एस. आर. यादव यांचे त्यावरील काम सर्वज्ञात आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात जावे, कारण या वेली पावसाळ्यात फुलतात आणि एरवी जमिनीखालच्या कंदाच्या रूपात दडून असतात. प्रत्येक मुलाच्या हातात भिंग असू द्या. फुलाच्या नळीत आतल्या बाजूस खाली वळलेले केस असतात. वासाने आलेले चिलट सहज आत उतरते, पण केस आडवे येत असल्यामुळे त्याला वर चढता येत नाही. पुढे केस कोमेजतात आणि ते चिलट परागपिंड (परागकणांचे चिकटलेले गोळे) अंगावर घेऊन बाहेर पडते. ही एकच गोष्ट नीट दाखवायला तासभर लागतो, आणि तो द्यावा. बाकीची बाग भराभर पाहिली तरी चालेल. विभागाला आधी पत्र पाठवून वेळ मात्र ठरवून घ्या.

बेळगावची वाचक:
निपाणीकरांनी सांगितलेले फूल पाहण्यासारखे आहे, यात वाद नाही, परंतु खानापूरहून कोल्हापूर सुमारे 135 किलोमीटर पडते आणि बत्तीस मुलांना घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे त्यांचा उत्साह वाटेतच संपतो. बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ती 2006 साली सुरू झाली आणि तेथे औषधी वनस्पतींची बागही आहे. परवानगी मिळाली तर अर्धा दिवस पुष्कळ झाला.

नावांच्या अडचणीला मी अडचण मानत नाही. वहीत तीन रकाने आखायला सांगा: घरचे नाव, कन्नड नाव, लॅटिन नाव. आपला ऐन कन्नडमध्ये मत्ती, बिवळा होन्ने आणि जांभूळ नेरळे होते, पण तिसऱ्या रकान्यात दोन्ही भाषांचे झाड एकच असते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि बिवळ्याच्या खोडाला खाच पडली की पाझरणारा रक्तासारखा डिंक तुमच्या मुलांनी जंगलाकडेला पाहिलेलाच असेल. कदाचित तीच तुम्हाला शिकवतील.

आता अशोकाविषयी. खऱ्या सीताअशोकाचे लॅटिन नाव सराका असोका. त्याची कोवळी पाने तांबूस असतात आणि मलूल झाल्यासारखी खाली लोंबतात. फुलांचे गुच्छ थेट खोडाफांद्यांवर येतात, आधी नारिंगी आणि मग लाल होत जातात. कुंपणाला लावतात त्या झाडाला पूर्वी पॉलिअल्थिया लाँगिफोलिया म्हणत, आता मोनून लाँगिफोलियम म्हणतात (म्हणजे तिसरा रकानाही अधूनमधून खोडावा लागतो). सीताअशोकाची साल स्त्रियांच्या औषधांत वापरतात आणि तिच्यात या दुसऱ्या झाडाच्या सालीची भेसळ होते, त्यामुळे ती चुकलेली पाटी किरकोळ म्हणता येणार नाही. सीताअशोकाचा फुलोरा पाहायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. फेब्रुवारीत बेळगाव निश्चित करतो. कोल्हापूरला ऑगस्टमध्ये आधी मी एकटाच जाऊन येईन. बाई, संस्थेला परवानगीचे पत्र कन्नडमध्ये द्यावे की इंग्रजीत?

बेळगावची वाचक:
इंग्रजीत द्या, आणि शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह द्या. मुलांची संख्या आणि इयत्ता त्यात स्पष्ट लिहा.