सोळा, अठरा, एकवीस, पंचवीस : कायद्याने वयाची एकच रेघ आखावी का?

राज्यशास्त्राची शिक्षिका, राजारामपुरी

गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात मी फळ्यावर वयांची एक रांग लिहिली. सात वर्षांच्या आतील मुलाचे कोणतेही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. सहा ते चौदा मोफत व सक्तीचे शिक्षण, सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची विनागिअर दुचाकी, अठराव्या वर्षी मत आणि स्वतःच्या सहीचा करार, एकविसाव्या वर्षी मुलाचे लग्न व ग्रामपंचायतीची उमेदवारी, पंचविसाव्या वर्षी विधानसभा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, सोळासमोर एक गोष्ट राहिली. गंभीर गुन्ह्यात सोळाव्या वर्षी माझ्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. शिक्षेला मी मोठा आणि मताला लहान, हे कसे?” मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले, कारण त्याला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

माझे मत आता असे झाले आहे की अठरा ही एकच रेघ असावी. त्याआधी कोणालाही प्रौढ मानून शिक्षा नको आणि त्यानंतर कोणताही हक्क अडवून ठेवायला नको. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, म्हणजे राज्य कोणी चालवावे हे ठरवण्याइतकी समज या वयात असते, असे देशाने मान्य केले. तरीही तोच मतदार आपल्या गावच्या ग्रामपंचायतीला उभा राहू शकत नाही. आपल्या कोल्हापुरात हे मला विशेष खटकते. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांचे विसावे वर्ष अजून पूर्ण व्हायचे होते.

वकील, शाहूपुरी

मॅडम, आपली तळमळ समजते, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या विद्यार्थ्याला आधी पूर्ण कायदा सांगायला हवा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रौढांच्या कोर्टात नेलेले नाही. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तेवढ्यापुरतीच ती तरतूद आहे. त्यातही बाल न्याय मंडळाने त्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती आधी तपासावी लागते. पुढे दोष सिद्ध झाला तरी फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही, आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला मोठ्यांच्या तुरुंगात न ठेवता सुरक्षित स्थळी ठेवावे लागते.

शाहू महाराजांचा दाखला तर माझ्या बाजूचा आहे. १८८४ मध्ये दत्तक आल्यापासून १८९४ पर्यंतच्या दहा वर्षांत ते राजकोटला आणि धारवाडला शिकले आणि तोवर कारभार दुसरे पाहत होते. टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपवणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

एकच रेघ आखली की सगळा भार एका रात्रीत अंगावर येतो, आणि तो कसा येतो हे मी माझ्या टेबलासमोर पाहिले आहे. अठरा वर्षे चार महिने वयाचा एक मुलगा वसुलीची नोटीस घेऊन आला. मित्राच्या गाडीच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, मित्राने हप्ते थकवले होते. नोटिसीची घडी त्याने इतक्या वेळा उलगडली होती की कागद घडीवर फाटला होता. हीच सही त्याने पाच महिने आधी केली असती तर तिचे बंधन त्याच्यावर आलेच नसते, कारण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, ठरवून ठेवले आहे. अठरापर्यंतची ही ढाल नेमक्या कोणत्या दिवशी गळून पडते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अशा मुलांसाठी आणखी पायऱ्या हव्यात, कमी नव्हेत.

एक आई, फुलेवाडी

वकीलसाहेब, पायऱ्या कागदावर चांगल्या दिसतात. सोळाव्या वर्षीच्या ज्या परवान्याचा उल्लेख वर आला आहे, त्या ५० सीसीची गाडी आज शोरूममध्ये मागून पाहा, मिळते का. गाडी मिळत नाही, परवाना मात्र मिळतो, आणि “त्याच्याकडे लायसन्स आहे” असे म्हणत आपण त्याच्या हाती ११० सीसीची चावी देतो. मीही दिली. क्लासला उशीर होत होता म्हणून दिली. रंकाळ्याच्या वळणावर माझ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीचा धक्का एका म्हाताऱ्या भाजीवाल्या काकांना बसला. त्यांचे मनगट मोडले आणि मेथीच्या जुड्या रस्ताभर पसरल्या. मुलगा गाडी टाकून जुड्या गोळा करत बसला होता, असे मला नंतर बघणाऱ्यांनी सांगितले.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालक किंवा गाडीचा मालकच दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. माझ्या तारखा चालू आहेत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत आले नाही तर महिना एक रुपया दंड पालकालाच होता आणि ते योग्यच होते. मात्र याच कलमाने माझ्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळणार नाही. सतराव्या वर्षीची चूक आईची, मग अठरा ते पंचवीसचे बंधन त्याच्यावर का? म्हणून मी मॅडमच्या बाजूने आहे.

गोकुळ शिरगावच्या कारखान्यातील कामगार, वय २०, कागल

वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालते. भावाच्या शाळेच्या कागदांवर सही माझी, पतसंस्थेचे कर्ज माझ्या नावावर, मत मी दिले आहे. लग्नाला मात्र मी कायद्याने अजून ‘बालक’ आहे, कारण २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ असे लिहिले आहे. नवरा बायकोपेक्षा मोठाच असावा या जुन्या समजुतीखेरीज या तीन वर्षांच्या फरकाला मला दुसरा आधार दिसत नाही. २०१८ मध्ये विधी आयोगाने दोघांसाठी १८ सुचवले होते. २०२१ चे विधेयक उलट मुलींचे वय २१ करायला निघाले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर आपोआप बारगळले.

दारूच्या वयाला मात्र हात लावू नये, मॅडम. आपल्या राज्यात कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे, ती राहू द्या. रात्रपाळी सुटल्यावर माझ्या वयाची मुले कुठे वळतात ते मी रोज पाहतो.

राज्यशास्त्राची शिक्षिका, राजारामपुरी

वकीलसाहेब, कराराबाबत मी माघार घेते. अठरा पूर्ण झालेल्या मुलाने जामीन राहण्यापूर्वी त्याला समजावून सांगणारे कोणी असावे, एवढी पायरी मला मान्य आहे. दारूबद्दल कागलच्या भावाने लिहिलेले मी खोडणार नाही. सोळाव्या वर्षाबद्दल मात्र माझे मन वळलेले नाही. मंडळाने कितीही काळजीपूर्वक तपासले, तरी ज्या मुलाला आपण करारापुरता अजाण मानतो, त्याची ‘परिणामांची जाण’ गुन्हा घडून गेल्यावर मोजायची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

सोमवारी त्या विद्यार्थ्याला मी तुमचे उत्तर वाचून दाखवीन आणि माझेही सांगेन. त्याला परवाच सतरा पूर्ण झाली आहेत. मतदार नोंदणीचा नमुना ६ आता सतराव्या वर्षी आगाऊ भरता येतो आणि जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांपैकी ज्या महिन्याच्या एक तारखेला अठरा पूर्ण झालेली असतील, तेव्हा नाव यादीत जाते. तो अर्ज मी त्याच्याकडून वर्गातच भरून घेणार आहे.