सूट म्हणजे आधीच कापलेलं व्याज

एक प्रश्न आलाय की कंपनीने १ लाखाचे रोखे (म्हणजे मुदतीअखेर १ लाख फेडायच्या बोलीवर घेतलेलं कर्ज) सूट देऊन ९५ हजारांना विकले, तर मधले ५ हजार त्याच वर्षी तोटा म्हणून टाकायचे का? नाही हो. आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी हे पटकन ओळखतात: "हातात पंच्याण्णव आले, फेडायचे शंभर, मग मधलं व्याजच की!" बी.कॉम.ची पोरं मात्र इथेच अडखळतात.

समजा मुदत ५ वर्षं, व्याज ८ टक्के. प्रभावी व्याजदर, म्हणजे सूट धरून पडणारा खरा दर, निघतो साधारण ९.३ टक्के. पहिल्या वर्षी ९५,००० वर खर्च सुमारे ८,८३०, रोख देणार ८,००० (१ लाखाचे ८ टक्के). उरलेले ८३० रोख्यांच्या देण्यात चढवायचे. दुसऱ्या वर्षीचा हिशेब ९५,८३० वर. असं करत मुदतीअखेर बरोबर १ लाख. ५ हजारांचे पाच समान भाग करून दरवर्षी सरळ हजार खर्चात टाकणं सोपं खरं, पण इंड-एएस १०९ (भारतीय लेखा मानक) लागू असलेल्या कंपनीने प्रभावी दरच धरायचा. अधिमूल्यावर, म्हणजे १ लाखापेक्षा जास्त किमतीला, विकले तर उलटं: खर्च रोख व्याजापेक्षा कमी, देणं घटत जातं.

आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५३ ची धास्ती नको. सूट देऊन विकण्यावरची त्यातली बंदी शेअरना आहे, डिबेंचरना (म्हणजे कंपनीच्या अशा कर्जरोख्यांना) नाही.