मदत हवी आहे: भाकरीसाठी चूल, आयती पत्र्याची घ्यावी की धुराड्याची बांधावी?

सहा माणसांचा स्वयंपाक, सकाळी 15 भाकऱ्या, बजेट 3000 रुपये. जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या आणि थोडं बाभळीचं लाकूड.

पत्र्याच्या उभ्या चुलीत हवा खालून खेचली जाते, म्हणून जळण कमी लागतं आणि वाळलेलं असेल तर धूरही कमी. पण काटक्या वीतभर तोडून सारख्या सरकवाव्या लागतात. ज्योत मधोमधच लागते, त्यामुळे तवा मध्ये करपतो नि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. शेकायला पुढे आर (निखारे) ओढता येत नाही, खरी अडचण हीच. पातळ पत्रा आतून जळून भोकंही पडतात. बिडाची जाळी नि आत मातीचं अस्तर असलेली चूल कुणी वापरली आहे का? किती वर्षं टिकली?

दुसरा विचार वैलासह (वैल म्हणजे चुलीला जोडलेलं, कमी आचेचं दुसरं तोंड) मातीच्या चुलीचा. 4 इंची धुराडं, छपराच्या वर 2 फूट. वैलाकडची वाट रुंद ठेवली तर आच धुराड्यातूनच निघून जाते; अरुंद ठेवली तर धूर चुलीच्या तोंडातून उलटतो. मग नेमकी किती इंच ठेवावी? काजळी काढायला बुडाशी टी जोड पुरतो का? पाइप सिमेंटचा घ्यावा की जीआय पत्र्याचा? (पीव्हीसी सुचवू नका, तो वितळतो.)