मदत हवी आहे: शोरूमच्या कोटेशनमधलं नक्की काय कमी करून घेता येतं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

येत्या पाडव्याला घरात नवी गाडी आणायचा विचार आहे. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल. मॉडेल पक्कं झालंय, त्यामुळे 'ही नको, ती घ्या' यावर कृपया चर्चा नको. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये तिला खाली वाकून बसता येत नाही. या गाडीची सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. शोरूममध्ये तिला पुन्हा पुन्हा बसवून-उतरवून पाहिलं, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "हीच घेऊ." माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

अडलंय ते पैशांपाशी. बाणेर भागातल्या एका शोरूमने दिलेलं कोटेशन असं:

एक्स-शोरूम ९,४०,०००
आरटीओ १,१४,०००
इन्शुरन्स ५२,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १८,०००
बेसिक किट २८,०००
हँडलिंग ७,५००
फास्टॅग ६००
एकूण ऑन-रोड ११,६०,१००

यातून २५,००० कॅश डिस्काउंट, आणि जुनी गाडी त्यांनाच दिली तर २०,००० एक्स्चेंज बोनस. जुन्या गाडीचे ते १,३५,००० देताहेत. आमच्या गॅरेजवाल्याकडे १,७०,००० द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक आहे.

सेल्सचा मुलगा बोलायला चांगला आहे, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'टोटलमध्ये बघून घेऊ मॅडम' असं येतं. जास्त विचारलं तर म्हणतो, जीएसटीमुळे गाडी आधीच स्वस्त झालीय, आता आणखी कुठून देणार? इन्शुरन्स बाहेरून घेतला तर डिस्काउंट रद्द होईल आणि क्लेमच्या वेळी कॅशलेस (दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं) मिळणार नाही, असंही सांगतो. पाडव्यालाच हवी असेल तर यार्डात उभी असलेली गाडी घ्या, नवीन बुक केली तर मे उजाडेल, हे आणखी एक.

अजून बुकिंग केलेलं नाही. यातलं काय खरं, काय दबाव, आणि बोलणी कुठून सुरू करावीत? लोन आठ लाखांचं लागेल, तेही तेच करून देतो म्हणताहेत. बाबांची आयुष्यभराची सवय अशी की समोरच्याने छापील कागद दिला की तो अंतिम. त्यामुळे बोलायला मीच जाणार आहे. जाणकारांनी सांगावं.

– पर्वतीपायथा

सुकाणू:

ताई, बुकिंगचे पैसे भरलेले नाहीत ही सगळ्यात चांगली गोष्ट. एकदा टोकन दिलं की तिकडची घाई संपते आणि आपली सुरू होते.

'ऑन-रोड' या आकड्यावर बोलूच नका. त्यात सरकारचे पैसे, विमा कंपनीचे पैसे आणि डीलरचे पैसे असे तिन्ही एकत्र कालवलेले असतात. २५,००० सुटले म्हणून आपण खूश होतो आणि तेवढेच इन्शुरन्स आणि किटमधून परत गेलेले असतात. एकेक ओळ सुटी करून विचारा.

आरटीओचं आधी घ्या, कारण तिथे घासाघीस नाही, फक्त गणित आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स. तुमच्या किमतीवर तो १,०३,४०० होतो. नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. वर सेस, कार्ड, टपाल धरलं तरी १,१४,००० होत नाहीत. 'आरटीओची जी पावती निघेल तेवढेच देईन' असं सांगा आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या. हे एक वाक्य ऐकलं की बहुतेक ठिकाणी आकडा आपोआप खाली येतो.

इन्शुरन्स. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवतं, ते सगळ्या कंपन्यांचे सारखेच. फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि झीरो डेपसारख्या (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची घट न कापणाऱ्या) अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे वरच्या जादा संरक्षणात. म्हणून बाहेरून कोटेशन घेताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तोच, अ‍ॅड-ऑन तेच ठेवून तुलना करा. आयडीव्ही कमी लावून स्वस्त दाखवलेली पॉलिसी काही कामाची नाही. इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०१७ च्या नियमांनुसार डीलर ठरावीक कंपनीचाच विमा घ्यायला भाग पाडू शकत नाही. कॅशलेसचं म्हणाल तर ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. कंपनीच्या साइटवर नेटवर्क गॅरेजची यादी असते, त्यात तुमचं वर्कशॉप आहे का तेवढं बघा. दुसऱ्या कंपनीचं कोटेशन समोर ठेवलं की बऱ्याचदा शोरूमच त्याच्याजवळ येतं. मग तिथूनच घ्यायलाही हरकत नाही.

हँडलिंग म्हणजे यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा आणि धुण्या-पुसण्याचा खर्च असं सांगतात. गाडी विकण्यासाठी डीलरला जे करावंच लागतं त्याचे वेगळे पैसे का द्यायचे? साफ नकार द्या. ऐकलं नाही तर कशाचे पैसे ते बिलावर लिहून मागा. तरीही अडले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

जीएसटीचं उत्तर सोपं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला, तो सरकारने सोडला. डीलरने स्वतःच्या खिशातून काय सोडलं, हा तुमचा प्रश्न आहे.

नानापेठ:

बेसिक किट पूर्ण काढायला लावा. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डोअर व्हायझर हे सगळं नाना पेठेत बरंच स्वस्त मिळतं आणि आपल्या डोळ्यांसमोर बसवून मिळतं. एक मात्र जपा: वायरिंग कापायला लागेल असं काही बाहेरून बसवू नका, वॉरंटीची भानगड होते. कंपनीचे मॅट चांगले असतात. तेवढे 'डिलिव्हरीला भेट म्हणून द्या' असं मागा, बहुतेक देतात.

काटेकोर:

यार्डात उभ्या असलेल्या गाडीबद्दल कुणीच बोललं नाही, माझ्या मते तोच कळीचा मुद्दा आहे. मार्चमध्ये 'लगेच मिळेल' म्हणजे बहुतेक वेळा गेल्या वर्षी बनलेली. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पाच-सहा वर्षांनी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं, मग पासिंग २०२६ चं असलं तरी उपयोग होत नाही.

घेऊच नका असं म्हणत नाही. पण गेल्या वर्षीच्या गाडीवर कंपनी डीलरला वेगळी सूट देते आणि डीलरलाही ती लवकर काढायची असते. तुम्हाला जे २५,००० सांगितले ते कुठल्या गाडीवरचे? जुन्या स्टॉकवरचे असतील तर फार कमी आहेत. आधी व्हिन नंबर (म्हणजे गाडीचा चेसिस नंबर) मागा, बनवल्याचा महिना लिहून घ्या, मग किमतीवर बोला.

आणि पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२५ असेल तर २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी बघा. बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडल्यात का पाहा. जास्त दिवस उभ्या गाड्यांत हे होतं. बंपरचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा, काचांवरच्या खुणा, मॅटखाली ओल. एकदा पासिंग झालं की गाडी तुमची, मग ओरखडा कुणाचा यावर वाद घालत बसावं लागतं.

पर्वतीपायथा:

खूप आभार सगळ्यांचे. काल चिंचवडच्या एका शोरूमचं कोटेशन आणलं. पत्ता पुण्याचा असल्याने पासिंग एमएच-१२ लाच करून देणार म्हणाले. त्यांनी हँडलिंग लावलंच नाही आणि कॅश डिस्काउंट ३२,००० सांगितला. तो कागद बाणेरच्या टेबलावर ठेवल्यावर सेल्स मॅनेजर स्वतः येऊन बसले. हँडलिंग गेलं, किट गेलं, आरटीओ 'पावतीप्रमाणे' असं पेनने लिहून सही करून दिली. व्हिन मागितल्यावर कळलं, गाडी ऑगस्ट २०२५ ची आहे. काटेकोर, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

लोनचं मात्र तिथेच अडलंय. ते साडेनऊ टक्के म्हणताहेत, आमची बँक नऊ टक्क्यांनी देतेय. लोन त्यांच्याकडून घेतलं तर आणखी ५,००० सोडतो म्हणतात. कर्ज माझ्या पगारावर असल्याने गाडी माझ्या नावावर घेणार आहोत.

सुकाणू:

आठ लाख, पाच वर्षं: नऊ टक्क्यांनी हप्ता साधारण १६,६०७ आणि साडेनऊने साधारण १६,८०२. साठ हप्त्यांत जवळपास ११,७०० जास्त जातात. ५,००० घेऊन ११,७०० द्यायचे नाहीत. प्रोसेसिंग फी दोन्हीकडची विचारा आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती तेही.

पण त्याहून महत्त्वाचं: जुनी गाडी बाबांच्या नावावर आहे का? तिच्यावर क्लेम कधी घेतला होता?

पर्वतीपायथा:

हो, बाबांच्याच नावावर. क्लेम कधीच घेतला नाही, ते फार जपून चालवतात. पॉलिसीवर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट) ५० टक्के लिहिलंय.

सुकाणू:

मग थांबा. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर तेवढी सूट मिळते. ५० टक्के म्हणजे तो हप्ता अर्धा. शोरूमच्या ५२,००० मध्ये हे धरलेलं दिसत नाही.

अट एकच: नवी गाडी बाबांच्याच नावावर हवी. वडिलांचा एनसीबी मुलीच्या नावावरच्या गाडीला लागत नाही. बँकेत विचारा, बाबा मुख्य अर्जदार आणि तुम्ही सहअर्जदार असं बसतंय का. वयामुळे मुदत कमी करतील कदाचित. बसलं तर इथेही चांगली रक्कम वाचेल, आणि त्यासाठी कुणाशी घासाघीस करावी लागणार नाही.

जुनी गाडी गॅरेजवाल्याच्या गिऱ्हाइकाला द्या. १,३५,००० अधिक बोनसचे २०,००० म्हणजे १,५५,०००, तरी बाहेर १५,००० जास्त मिळताहेत. फक्त आरसी ट्रान्सफर होईपर्यंत पिच्छा सोडू नका, नाहीतर पुढचे चलन बाबांच्या मोबाइलवर येत राहतील.

वाकडेवाडी:

जरा वेगळं मत देतो. सगळं पिळून काढू नका. पुढची काही वर्षं सर्व्हिसिंगला त्याच दारात जायचंय.

काटेकोर:

सर्व्हिसिंग कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं, विकणाऱ्याकडेच जायचं बंधन नाही. सभ्यपणे हिशोब विचारणं म्हणजे पिळणं नव्हे. समोरचा मॅनेजर रोज हेच करतो, त्याला राग येत नाही. आपल्यालाच उगाच संकोच वाटतो, आणि त्या संकोचाचे पैसे मोजावे लागतात. बाबांनी आयुष्यभर जपून चालवून कमावलेला एनसीबी असा सोडून द्यायचा का?

पर्वतीपायथा:

बँकेत जाऊन आले. बाबा मुख्य, मी सहअर्जदार, चार वर्षांची मुदत, चालेल म्हणाले. बाबांना गाडी त्यांच्या नावावर होतेय याचा इतका आनंद झालाय की हे आधी का सुचलं नाही असं वाटलं.

ऑगस्टच्या गाडीवर मॅनेजर एकूण ४८,००० पर्यंत आलेत. चिंचवडवाले फेब्रुवारीत बनलेली गाडी ३२,००० सूट देऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देतो म्हणतात. आई म्हणतेय पाडवा चुकला तरी चालेल, अक्षय्य तृतीया आहेच. आम्ही ही गाडी दहा वर्षं तरी वापरू. काय करावं?

काटेकोर:

दहा वर्षं वापरणार असाल तर उत्पादनाच्या वर्षाने फार बिघडत नाही, तेव्हा १६,००० चा फरक खरा आहे. यार्डात जाऊन ती ऑगस्टची गाडी नीट बघा. टायर, बॅटरी, वायरिंग ठीक असेल तर घ्या. एक जरी गोष्ट खटकली तर चिंचवड.

पैसे फक्त डीलरच्या फर्मच्या खात्यावर, चेक किंवा आरटीजीएसने. सेल्समनच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही नको, बुकिंगचासुद्धा. पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्या, म्हणजे तुम्ही पाहिलेलीच गाडी मिळेल.