मदत हवी आहे: कंबरेचा बाक आधी गेला की मणक्यांमधली गादी आधी झिजली?

वय ४१, बैठं काम. आठ महिने कंबर दुखतेय. बसून उठताना पहिली दोन-तीन पावलं वाकूनच टाकावी लागतात, मग सरळ होता येतं. पायात कळ, मुंग्या, बधिरपणा काही नाही. लघवी-शौचाची तक्रार नाही. पडलो-झडलो नाही.

एमआरआयच्या रिपोर्टात दोन ओळी आहेत: एल४-एल५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) यांमधल्या गादीतलं पाणी कमी होऊन उंची थोडी घटलीय, आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट झालाय. नस दबलेली नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. सहा आठवडे केली, दुखणं निम्म्यावर आलं, तिथेच अडकलंय. पट्टा वापरून सोडला.

माझा गोंधळ असा. खालच्या गाद्या पुढून जाड, मागून पातळ असतात, म्हणजे गादी बसली की बाक कमी होणारच. उलट बाक मुळातच कमी असेल तर गादीवर जास्त भार येतो, असंही वाचलं. शिवाय स्नायू आखडले तरी पाठ सपाट दिसते, आणि एमआरआय तर आडवं झोपवून, गुडघ्याखाली उशी देऊन काढलेला! त्या ओळीवर कितपत विसंबायचं?

‘पोहायला जा’, ‘झोपायची गादी बदला’ हे सल्ले मिळालेत, ते कृपया नकोत. फिजिओथेरपिस्ट किंवा यातून गेलेलं कोणी असेल तर एवढंच सांगा: उभ्याने बाजूचा एक्स-रे काढून बाक आणि कटीच्या हाडांची ठेवण मोजली, तर माझ्या व्यायामात खरंच काही बदलेल का?