फ्लॅट पेडल फक्त शिकाऊ लोकांसाठी? मला अजिबात पटत नाही

डोंगरवाट:
परवा एकाने लिहिलं होतं की एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) घेतली की पहिल्या महिन्यातच क्लिपलेस, म्हणजे बूट अडकवून ठेवणारं पेडल लावा, फ्लॅट, म्हणजे नुसता पाय टेकवायचं सपाट पेडल शिकाऊ लोकांसाठी, क्लीट (बुटाच्या तळाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) नसेल तर निम्मी ताकद वाया जाते. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. निम्मी ताकद जाते कुठे? जोर लागतो तो पेडल खाली दाबताना, वर येणाऱ्या पायाने स्वतःचं ओझं उचललं तरी पुष्कळ झालं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज, म्हणजे डोंगरउतारांच्या शर्यतींची जागतिक मालिका, फ्लॅटवर जिंकली, त्याला शिकाऊ म्हणायचं का?

खरी गोची बुटात आहे. लोक धावायचे बूट घालून येतात, मऊ सोल पेडलवर दुमडतो, तासाभरात तळवा दुखायला लागतो, दगडावरून पाय उडतो आणि खापर फ्लॅटवर. चिकट रबराचा सपाट, जरा ताठ सोल घ्या, पेडलला पकडीसाठी टोकदार पिना असू द्या, चवडा पेडलच्या दांड्याच्या थोडा पुढे राहील असा पाय ठेवा, उतारावर टाच खाली. मी आठ महिने क्लिपलेस वापरलंय. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या एका चढावर मुरमात मागचं चाक फिरलं, सायकल थांबली, पाय काही सुटला नाही आणि उभ्याउभ्या आडवा झालो. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

चिखलगाडी:
वाईट झालं, पण यात पेडलचा दोष नाही. एसपीडी, म्हणजे शिमानोच्या क्लिपलेस पेडलच्या क्लॅम्पचा ताण कमी-जास्त करायला स्क्रू असतो, तीन एमएमच्या अ‍ॅलन कीने दोन्ही बाजूंचे ढिले करायचे, सुरुवातीला एसएच ५६ क्लीट लावायच्या म्हणजे पाय कसाही वळवला तरी सुटतो. तुम्ही बहुतेक नेहमीच्या एसएच ५१ लावल्या असणार, त्या फक्त टाच बाजूला वळवली तरच सुटतात. एक्ससीच्या (क्रॉस-कंट्री शर्यतींच्या) वर्ल्ड कपला पुढची रांग बघा, सगळे क्लिपमध्येच. तुमच्या त्या पिनांनी माझी नडगी फाडलीय, सात टाके, व्रण अजून आहे. त्यावर कुणीच बोलत नाही.

डोंगरवाट:
५१ च होत्या, आणि विकणाऱ्याने ५६ चं नावही काढलं नाही. पण वर्ल्ड कपच्या लोकांना सायकल खांद्यावर टाकून किल्ल्याच्या पायवाटेने तासभर चढायचं नसतं. ओल्या कातळावर ती लोखंडी क्लीट टेकवून बघा एकदा. महाबळेश्वरची लाल माती क्लीटमध्ये बसली की काडीने उकरत बसायचं.

आटेवाला:
पेडल बदला पेडल बदला सगळे सांगतात, पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे कुणी सांगतं का? माझ्या सायकलच्या डाव्या क्रँकमध्ये (पेडल बसतं त्या दांडीत) मेकॅनिकने उजवं पेडल जोर लावून बसवलं, अ‍ॅल्युमिनियमचे आटे पार गेले. साडेतीन हजारांचा भुर्दंड आणि वर मलाच म्हणतो क्रँक हलका होता.

घसारा:
पेडलवर एल आणि आर कोरलेलं असतं हो. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं, पुढे ढकलला की घट्ट, दोन्ही बाजूंना हेच. ग्रीस लावा, पहिले दोन-तीन फेरे बोटांनी फिरवा, अडलं तर तिथेच थांबा.

आटेवाला:
ते मला आता कळतंय, पैसे गेल्यावर. आणि उलटे आटे ठेवलेतच का? बेअरिंग घासतं त्याने पेडल उलट सुटायलाच हवं.

घसारा:
बेअरिंगची ओढ किरकोळ असते. पेडलवरचा भार क्रँकच्या मानाने गोल फिरत राहतो, त्यामुळे दांडा आट्यांमधल्या बारीक फटीत गडगडतो आणि उलट दिशेला हळूहळू वळतो. ती ओढ बेअरिंगपेक्षा मोठी, म्हणून डावीकडे उलटे आटे. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि वरचं टोक गोल फिरवा, पेन्सिल स्वतःभोवती उलटी वळताना दिसेल.

आटेवाला:
करून बघितलं. वळते खरी. पण माझे साडेतीन हजार तर गेलेच ना.

चिखलगाडी:
आट्यांचा वेगळा विषय काढा की, इथे बुटांचं चाललंय!

आटेवाला:
नवा माणूस पेडल बदलायला जातो तेव्हा पहिली वाट याचीच लागते, म्हणून इथेच लिहिणार.

पावसाळी:
मी दोन्ही वापरते. सुरुवात फ्लॅटवर केली म्हणूनच सायकल उचलायला शिकले, नाहीतर क्लीटने पाय ओढून उडी मारायची सवय लागते आणि ती नंतर सुटत नाही. पण खडबडीत लांब उतारावर पाय जागचा हलत नाही हे सुख क्लिपलेसचंच, ते नाकारू नका. फक्त क्लीट जरा वाकडी बसली होती तर माझा गुडघा दोन महिने दुखत होता.

चिखलगाडी:
बरं, पहिलं वर्ष फ्लॅट, एवढं मान्य. पण उडणाऱ्या पायाने चेन-स्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) हाणलेली टाच मी विसरणार नाही.

डोंगरवाट:
आणि ५६ क्लीटबद्दल मला माहीत नव्हतं हे मी मान्य करतो. तरीही माझ्या सायकलला फ्लॅटच राहणार. त्या नडगीसाठी पॅड घ्या, चढावर गरम होतात पण टाके पडत नाहीत.