लिफ्ट म्हणजे नेमकं काय? उचलणं, उठवणं की उपसणं?

"लिफ्ट" ला मराठीत एक चांगला शब्द सांगा असं कोणी विचारलं की लगेच "उद्वाहक" येतं, आणि हा शब्द नागपुरात मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही, मेट्रोच्या स्टेशनवर म्हातारी माणसंसुद्धा "लिफ्ट कुठं आहे बाप्पा" असंच विचारतात. ती लिफ्ट आता आपलीच झाली, स्त्रीलिंगी झाली, तिचं राहू द्या. खरी गंमत क्रियापदात आहे.

इंग्रजीत वजन लिफ्ट करतात आणि बंदी पण लिफ्ट करतात. आपल्याकडं नाही चालत तसं. पोतं उचलतात, बंदी उठवतात. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, तेव्हा कोणी "दारूबंदी उचलली" म्हटलं का? संचारबंदी उठते, वेढा उठतो, स्थगिती उठते. म्हणजे एखादी वस्तू खालून हात घालून वर घ्यायची असली तर उचलणं, आणि वर बसलेलं काही, दाबून ठेवणारं, बाजूला करायचं असलं तर उठवणं. इंग्रजीनं दोन्ही कामं एकाच शब्दाला दिली, मराठीनं वाटून दिली, आणि माझ्या मते ही वाटणी फार नेमकी आहे, ती सांभाळली पाहिजे. आता बातम्यांत "बंदी हटवली" फार दिसते, ती हिंदीच्या सवयीनं आली, चूक नाही म्हणणार मी, पण "उठवली" असताना काहून सोडायचं.

पाण्यासाठी तिसरंच. लिफ्ट इरिगेशन म्हणजे उपसा सिंचन, हा शब्द मात्र सरकारी असून गावोगावी चालतो, कारण उपसणं आधीपासून तोंडात होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावरच्या मोखाबर्डी, आंभोरा, नेरला या योजनांना शेतकरी सरळ "उपसा" म्हणतात. कालव्याचं पाणी उतारानं आपोआप जातं, उंचावरच्या शेताला मात्र पंप लावून चढवावं लागतं. उपसणं म्हणजे खोलातून वर काढणं, म्हणून विहीर उपसतात, गाळ उपसतात, म्यानातून तलवार उपसतात, आणि आपली आई जन्मभर कष्ट उपसते. हे शेवटचं कोणत्या डिक्शनरीत लिफ्टखाली सापडेल सांगा.

चोरीचा अर्थ दोन्ही भाषांत जुळतो हे मला फार आवडतं. शॉपलिफ्टिंगमधली लिफ्ट म्हणजे चोरीच, इंग्रजीत हा अर्थ शेकडो वर्षं जुना आहे, आणि आपल्याकडं उचल्या, उचलेगिरी, "गर्दीत कोणीतरी मोबाइल उचलला". गाण्याची चाल उचलतात तीही याच हिशोबात. पण पोलिसांनी पोट्ट्याला उचललं म्हटलं तर तो धरला गेला, आणि मजुरानं उचल घेतली म्हणजे आगाऊ पैसे घेतले, आणि नागपूरच्या कळमना बाजारात "मालाला उचल नाही" म्हणजे गिऱ्हाईक नाही. एका उचलीत केवढा संसार आहे.

गाडीवर लिफ्ट देणं याला आपण काय म्हणतो? सोडणं. "भाऊ, पंचशील चौकापर्यंत सोडता का?" इंग्रजीत माणूस वर घेण्यावर भर, आपल्याकडं उतरवून देण्यावर. आणि "ती त्याला लिफ्ट देत नाही" हा भाव न देण्याचा अर्थ इथलाच, लंडनच्या माणसाला तो कळणार नाही, तो गाडी शोधत बसेल.

मुळाकडं गेलं तर शब्द स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतला, लोप्ट म्हणजे हवा, आभाळ, त्यावरून लिप्टा म्हणजे हवेत नेणं. जर्मन लुफ्ट तिकडचाच, लुफ्तान्सा या विमान कंपनीच्या नावातला. आणि आपल्या किचनमध्ये जुनी भांडी टाकायचा लॉफ्ट पण त्याच घरातला, म्हणजे लिफ्ट आणि लॉफ्ट सख्ख्या बहिणी!

आता विमानाची लिफ्ट, कारण इथं बहुतेक लोक "वर ढकलणारं बल" लिहून मोकळे होतात. पंखावर येणाऱ्या हवेच्या प्रवाहाला काटकोनात जे बल लागतं ते लिफ्ट, मग दिशा कोणतीही असो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडालेलं विमान एकाच वेगानं तिरपं वर चढत असतं तेव्हा लिफ्ट त्याच्या वजनापेक्षा थोडी कमीच असते, राहिलेला भार इंजिनाच्या रेट्यावर असतो. विमान सरळ एका उंचीवर चाललं की लिफ्ट आणि वजन सारखे होतात. रेसच्या गाडीचा मागचा पंख तर उलटी लिफ्ट तयार करतो, गाडी रस्त्याला दाबून धरतो. म्हणून या अर्थाला मराठीत "उचल" म्हणू नये, मुलं चुकीचं शिकतात, लिफ्टच ठेवावी आणि एकदा नीट समजावून द्यावी.

मनाच्या लिफ्टसाठी मात्र परका शब्द नको. धंद्याला, खेळाडूला, खचलेल्या माणसाला लिफ्ट मिळाली असं लिहिलेलं वाचतो तेव्हा वाटतं की "उभारी" हा शब्द लोक विसरून राहिले काय. पीक गेल्यावर शेतकऱ्याला उभारी द्यायची असते, त्यात नुसतं वर घेणं नाही, स्वतःच्या पायावर पुन्हा उभं राहणंही आहे. भाषांतर करणाऱ्यांनी पहिले हा शब्द लावून पाहावा, बसतोच.